पाच सेकंदांचा हिशेब

विदर्भात रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून कुंपणात करंट सोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली झटका मशीनची. बॅटरीवर नाहीतर सौर पॅनेलवर चालणारी ही पेटी साधारण सेकंदाला एक, असे काही हजार व्होल्टचे ठोके तारेत सोडते. ठोका क्षणाच्याही अंशाचा. जनावर तारेला लागतं, किंचाळतं, मागे फिरतं आणि जगतं. दुसरी तऱ्हा बेकायदा. विजेच्या लाइनवर आकडा टाकायचा आणि २३० व्होल्ट सरळ कुंपणात सोडायचे. त्या तारेला चिकटून वाघ मेले आहेत, शेजारच्या वावरातली माणसं मेली आहेत, कधी रात्री पाणी द्यायला उठलेला खुद्द शेतमालक मेला आहे.

हजारो व्होल्ट खाऊन डुक्कर पळून जातं आणि २३० व्होल्टला वाघ मरतो. हे कोडं सुटलं की टेझर नावाचं पोलिसी हत्यार निम्मं समजतं. उरलेलं निम्मं विजेचं नाही, माणसांचं आहे. आणि तेच जास्त अवघड आहे.

या हत्याराच्या जन्मकथेतही एक कुंपण सांगितलं जातं. जॅक कव्हर हे अपोलो मोहिमेच्या कामात सहभागी असलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ. १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध विमान अपहरणांचा होता आणि उडत्या विमानात पिस्तूल चालवणं म्हणजे सगळ्यांचाच जीव टांगणीला लावणं. विजेच्या कुंपणाला लागून जागीच खिळलेला एक माणूस सुटल्यावर धडधाकट निघाला, अशी बातमी कव्हर यांच्या वाचनात आली आणि तिथून विचाराची चक्रं फिरली, असं म्हणतात. १९६९ मध्ये त्यांनी काम हाती घेतलं, १९७४ पर्यंत उपकरण उभं केलं. नाव घेतलं लहानपणच्या वाचनातून. टॉम स्विफ्ट या पोराच्या साहसकथांपैकी १९११ च्या एका पुस्तकात त्याच्याकडे विजेची रायफल असते. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून 'टेझर'.

कव्हर यांच्या उपकरणातले बाण दारूच्या स्फोटाने उडत. त्यामुळे अमेरिकी कायद्याने त्याला बंदूकच मानलं आणि धंदा बसला. १९९३ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या रिक आणि टॉम स्मिथ या भावांनी कव्हर यांना बरोबर घेऊन दारूच्या जागी दाबलेला नायट्रोजन वायू आणला. बंदुकीचा शिक्का पुसला गेला. १९९९ मध्ये एम-२६ आणि २००३ मध्ये एक्स-२६ ही मॉडेलं आली आणि काही वर्षांतच अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या पोलिसांच्या कमरेला टेझर लटकू लागला. २०१७ मध्ये कंपनीने स्वतःचं नाव बदलून 'अ‍ॅक्सॉन' केलं.

एक्स-२६ जेमतेम दोनशे ग्रॅमचं. नळीच्या जागी एक चौकोनी काडतूस. घोडा दाबला की काडतुसातून दोन बाण सुटतात. बाण म्हणजे टोकाला उलटा काटा असलेली सुई आणि तिच्यामागे उलगडत जाणारी बारीक, वेष्टन असलेली तार. वरचा बाण सरळ जातो, खालचा आठ अंशांनी खाली झुकून. म्हणजे दर सात फुटांमागे दोघांत एक फुटाचं अंतर पडतं. हे अंतर फार महत्त्वाचं, कारण करंट दोन बाणांच्या मधल्या स्नायूंतून वाहतो. एक छातीखाली आणि एक मांडीत लागला तर धडाचे मोठे स्नायू सापडतात. दोन्ही वीतभरात लागले तर माणूस कळवळतो, पण उभा राहतो.

घोडा एकदा दाबला की पाच सेकंद. सेकंदाला सुमारे १९ ठोके, प्रत्येक ठोका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा. जाहिरातीतला ५० हजार व्होल्टचा आकडा खरा आहे, पण तो फक्त कपड्यातली हवा ओलांडण्यासाठी. ठिणगीने वाट केली की शरीराच्या वाट्याला बाराशेच्या आसपास येतात. सरासरी करंट दोन मिलिअ‍ॅम्पिअरच्या घरातला. आपल्या घरच्या विजेचा दहा-पंधरा मिलिअ‍ॅम्पिअर करंट हातातून गेला तर मूठ उघडत नाही, आणि जीव वाचवण्यासाठी बसवलेला ईएलसीबी तीस मिलिअ‍ॅम्पिअरला पडतो.

पण दोन मिलिअ‍ॅम्पिअरवर माणूस आडवा कसा होतो? याचं उत्तर विजेपेक्षा शरीरात आहे. लुई लापिक या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये दाखवलं होतं की प्रत्येक ऊतीला जागं करायला ठोका किती जोराचा हवा याबरोबरच तो किती वेळ टिकायला हवा याचंही गणित असतं. स्नायूंना हुकूम देणारे चेतातंतू अगदी आखूड ठोक्यालाही दाद देतात. हृदयाच्या स्नायूला त्याच्या कित्येक पट लांब ठोका लागतो. टेझरचा ठोका या दोन मर्यादांच्या मधल्या फटीत बसवलेला आहे. चेतातंतूंना सेकंदाला एकोणीस वेळा 'आवळ' असा हुकूम जातो, मेंदूचा हुकूम त्यात बुडून जातो, आणि शुद्धीवर असलेला माणूस लाकडाच्या ओंडक्यासारखा कोसळतो. निसर्गाने हे आधीच साधलं आहे. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला विजेचा ईल मासा भक्ष्याचे स्नायू नेमके याच मार्गाने, त्याच्या चेतातंतूंमार्फत खिळवतो, हे केनेथ कटानिया यांनी २०१४ मध्ये प्रयोगांनी दाखवलं.

ही रचना बुद्धिमान आहे, यात वाद नाही. पण त्या फटीला रुंदी किती, यावर सगळी भिस्त आहे. कोसळताना हात पुढे येत नाहीत, म्हणून डोकं थेट फरशीवर आपटतं. छातीची भिंत पातळ असेल आणि बाण हृदयाजवळ रुतला तर मर्यादा आणखी अरुंद होते. हृदयतज्ज्ञ डग्लस झायप्स यांनी २०१२ मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात टेझरनंतर हृदय बंद पडलेल्या आठ जणांचा अभ्यास मांडला. झायप्स हे कंपनीविरुद्धच्या खटल्यांत तज्ज्ञ साक्षीदार होते, हेही वाचकाने लक्षात ठेवावं. कंपनीने त्यांचे निष्कर्ष मान्य केले नाहीत. मात्र त्याआधी, ऑक्टोबर २००९ मध्ये, छातीवर नेम धरणं टाळा अशी सूचना कंपनीनेच पोलिसांना दिली होती. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संशोधन संस्थेने २०११ मध्ये म्हटलं की निरोगी प्रौढ माणसाला गंभीर धोका जास्त असल्याचा निर्णायक पुरावा नाही. वाक्य बरोबर आहे. पण रात्री अडीच वाजता पोलिसांसमोर उभा असलेला माणूस निरोगी, शांत प्रौढ असतो का? तो नशेत असतो, भ्रमात असतो, घाबरलेला असतो, धापा टाकत असतो. धोका आहे तो त्यालाच.

ठिणगी ही ठिणगीच असते, हे तर अनेकदा विसरलं जातं. २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल पोलीस ठाण्यात एका माणसाने अंगावर हँड सॅनिटायझर ओतून घेतला होता. पोलिसाने टेझर चालवला आणि तो माणूस पेटला. काही आठवड्यांनी तो गेला.

आणि कित्येकदा टेझर चालतच नाही. एक बाण चुकला, जाकीट जाड निघालं, अंतर फार कमी पडलं की मंडल पूर्ण होत नाही. मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर रॉडनी किंग यांना झालेली मारहाण जगाने पाहिली. त्या दंडुक्यांच्या आधी त्यांच्यावर टेझर चालवून झाला होता आणि ते उठत होते, हे फार कमी जणांच्या लक्षात आहे. त्याच शहराच्या पोलिसांच्या २०१५ च्या आकड्यांत टेझर निम्म्याहून थोड्याच अधिक वेळा कामी आला होता. पोलिसाने ज्याच्या भरवशावर पाऊल पुढे टाकलं तेच फसलं तर तो घाबरतो, आणि घाबरलेल्या पोलिसाचा हात पुढच्या हत्याराकडे जातो.

या उपकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग विजेचा नाहीच. काडतूस फुटतं तेव्हा बाणांबरोबर अक्षतांएवढ्या चकत्या उधळतात आणि प्रत्येक चकतीवर त्या काडतुसाचा क्रमांक छापलेला असतो. शिवाय घोडा केव्हा दाबला, किती सेकंद दाबून ठेवला, याची नोंद आतल्या स्मृतीत होते. स्टेशन डायरीत काय लिहायचं हे माणूस ठरवतो. इथे यंत्र स्वतःच लिहून ठेवतं.

या नोंदीची किंमत व्हँकूवरमध्ये कळली. १३ ऑक्टोबर २००७ रोजी रॉबर्ट झिएकान्स्की हा चाळीस वर्षांचा पोलिश माणूस कॅनडात राहणाऱ्या आईकडे कायमचा राहायला म्हणून विमानातून उतरला. इंग्रजीचा शब्द येत नव्हता. आई बाहेर थांबली होती, तो आत घुटमळत होता, आणि दोघांची गाठ घालून देणं कुणालाच जमलं नाही. तास उलटत गेले. आई परत गेली. दहा-एक तासांनी, मध्यरात्र उलटल्यावर, घामाघूम झालेला हा माणूस खुर्च्या हलवू लागला, वस्तू फेकू लागला. चार पोलीस आले. अर्ध्या मिनिटाच्या आत पहिला टेझर चालला. त्याच्या हातात एक स्टेपलर होता. टेझर पाच वेळा चालला, मिळून ३१ सेकंद. तो तिथेच, विमानतळाच्या फरशीवर गेला.

माणूस झुंज देत होता, उभाच होता, असं पोलिसांच्या सुरुवातीच्या निवेदनांत आणि टिपणांत होतं. एका सहप्रवाशाने सगळं चित्रित केलं होतं. पोलिसांनी ते घेतलं, आणि परत मिळवण्यासाठी त्याला कोर्टाची भाषा करावी लागली. चित्रफीत आणि टेझरची नोंद शेजारी ठेवली तेव्हा निवेदनं टिकली नाहीत. माजी न्यायमूर्ती थॉमस ब्रेडवुड यांच्या चौकशी आयोगाने २०१० मध्ये टेझरचा वापर समर्थनीय नव्हता, असा निष्कर्ष काढला. मृत्यूबद्दल कुणावरही खटला झाला नाही. आयोगापुढे खोटी साक्ष दिल्याबद्दल मात्र दोन पोलिसांना कैद झाली.

या घटनेत बंदूक काढण्याचं काही कारणच नव्हतं. टेझर नसता तर ते चौघे काय करते? बहुधा बोलण्याचा प्रयत्न करते, दुभाषी शोधते, फार तर चौघे मिळून त्याला धरते. टेझर बंदुकीला पर्याय म्हणून विकला जातो, पण प्रत्यक्षात तो अनेकदा तोंडी समजावणीला पर्याय ठरतो. माझा आक्षेप आहे तो इथे. मे २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कूमा गावी एका वृद्धाश्रमात क्लेअर नाउलँड या ९५ वर्षांच्या, स्मृतिभ्रंश झालेल्या आजी हातात सुरी घेऊन, चालण्याची चौकट धरून पावलापावलाने पुढे येत होत्या. पोलिसाने टेझर चालवला. त्या मागे पडल्या, डोक्याला मार लागला आणि आठवड्याभराने गेल्या. २०२४ मध्ये ज्यूरीने त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं. तुरुंगवास झाला नाही. पंचाण्णव वर्षांच्या बाईसमोरून दोन पावलं मागे सरकून दार ओढून घेता येतं. कमरेला गोळीचं पिस्तूल एवढंच असतं तर त्या पोलिसाने हेच केलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

ब्रिटनमध्ये अ‍ॅस्टन व्हिला संघाचा माजी फुटबॉलपटू डेलियन अ‍ॅटकिन्सन २०१६ च्या ऑगस्टमध्ये मानसिक भ्रमाच्या अवस्थेत टेलफर्डमधल्या आपल्या वडिलांच्या घरासमोर होता. तिसऱ्या वेळी पोलिसाने घोडा सोडलाच नाही. पाचऐवजी तेहतीस सेकंद. नंतर डोक्यात लाथा. पाचाचे तेहतीस झाले हे सांगायला इथेही यंत्राची नोंद होती. २०२१ मध्ये त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधाबद्दल आठ वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये तीन दशकांत असं घडलं नव्हतं.

त्याच वर्षी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सव्वीस वर्षांची नोकरी झालेली एक पोलीस अधिकारी 'टेझर, टेझर' असं ओरडली आणि तिने गोळी झाडली. हातात खरं पिस्तूल होतं. वीस वर्षांचा डाँटे राइट मोटारीतच मेला. दोन्ही हत्यारांचा आकार, पकड आणि घोडा एकाच धाटणीचे ठेवल्याची किंमत अशी मोजली गेली.

आता आपल्या पर्सकडे आणि दप्तराकडे येऊ. ऑनलाइन दुकानात 'सेल्फ डिफेन्स टॉर्च' शोधला की मुठीत मावणारी काळी बॅटरी दिसते. पुढे धातूची टोकं, बटण दाबलं की निळी ठिणगी आणि तडतड. खोक्यावर छापलेलं असतं दहा लाख व्होल्ट, कधी त्याच्याही वर. हा आकडा घरबसल्या तपासता येतो. कोरड्या हवेतून ठिणगी उडायला दर सेंटिमीटरला सुमारे तीस हजार व्होल्ट लागतात. टोकांमधलं अंतर दोन-तीन सेंटिमीटर असतं, म्हणजे साठ ते नव्वद हजारांच्या वर व्होल्टेज चढूच शकत नाही. त्याआधीच ठिणगी उडून जाते. दहा लाख व्होल्टची ठिणगी फूटभर लांब हवी. आकडा खोटा आहे, निव्वळ खोटा.

त्याहून महत्त्वाचं, हे उपकरण टेझर नव्हे. याला बाण नाहीत. टोकं इतकी जवळ असतात की करंट कातडीच्या त्या तुकड्यातून जातो आणि संपतो. चटका बसतो, दुखतं, पण शरीर खिळत नाही. दारू प्यालेल्या किंवा चवताळलेल्या माणसाला वेदना जाणवतेच असं नाही. वापरायचं तर हल्लेखोर हाताच्या अंतरावर यावा लागतो, आणि त्या अंतरावर तो ते हिसकावू शकतो. मुलीच्या हातात हे देऊन निर्धास्त झालेल्या आईवडिलांना एवढंच सांगणं आहे की दाखवून थांबवण्यापुरतं हे कामाचं असेल. झुंज जिंकून देण्यासाठी नाही.

दाखवणं मात्र क्षुल्लक नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०१६ मध्ये हेमी काएतानो या मॅसॅच्युसेट्समधल्या बाईचा खटला आला. पूर्वीच्या जोडीदाराने तिला मारझोड केली होती, न्यायालयाचे मनाई हुकूम त्याने जुमानले नव्हते. तो तिच्यापेक्षा जवळजवळ फूटभर उंच. एका रात्री कामाच्या जागेबाहेर तो आडवा आला. तिने ओळखीतल्या कुणीतरी दिलेली स्टन गन, म्हणजे असंच बिनबाणांचं ठिणगीचं उपकरण, काढून दाखवली आणि आता तुझं ऐकून घेणार नाही, असं बजावलं. तो निघून गेला. एकही ठिणगी उडाली नाही. पुढे तीच स्टन गन जवळ बाळगल्याबद्दल राज्याने तिला दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. ब्रिटनमध्येही पोलीस टेझर काढतात त्यातल्या बहुसंख्य प्रसंगी तो चालवला जात नाही. अंगावर नेमाच्या लेझरचा लाल ठिपका पडला की माणूस थांबतो.

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे आणि कलम ३७ त्याला लगाम घालतं: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. हल्लेखोर पडला, पळाला, शरण आला की हक्क संपला. त्यानंतरचा दुसरा झटका हा गुन्हा. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. शिकायला ब्रिटनला निघालेल्या मुलामुलींनी असा टॉर्च सामानात घेऊ नये. तिथे १९६८ च्या फायरआर्म्स कायद्यानुसार स्टन गन नुसती जवळ बाळगणं हाच गंभीर गुन्हा आहे.

विजेच्या हत्यारांचा एक इतिहास कव्हर यांच्याही आधीचा आहे. अर्जेंटिनाच्या पोलिसांनी १९३० च्या दशकात गुरं हाकण्याची विजेची काठी कैद्यांवर वापरायला सुरुवात केली. तिचं नाव पिकाना. फ्रेंच लष्कराने अल्जीरियात फील्ड टेलिफोनचं हँडलने फिरणारं जनित्र कैद्यांच्या अंगाला जोडलं. अलाबामात १९६३ मध्ये समान नागरी हक्कांसाठी चालणाऱ्या कृष्णवर्णीयांना पोलिसांनी गुरांच्याच विजेच्या काठ्या टोचल्या. दरिउस रेजाली या अभ्यासकाने २००७ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं आहे की छळाच्या या पद्धती लोकशाही देशांतही रुजल्या, आणि त्याचं कारण भयंकर आहे: पत्रकार, न्यायालयं, डॉक्टर लक्ष ठेवू लागले, म्हणून वळ न उठणारा छळ शोधला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने २००७ मध्ये पोर्तुगालच्या टेझर खरेदीसंदर्भात या शस्त्राच्या वेदना छळाचं रूप घेऊ शकतात, असं नोंदवलं, त्यामागे हा सगळा इतिहास होता.

आपल्याकडे पोलिसाच्या हातात अजून प्रामुख्याने लाठीच आहे. पण लॉकअपमध्ये 'करंट देणं' हा शब्दप्रयोग कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मानवाधिकार संघटनांच्या अहवालांत आणि आरोपींच्या तक्रारींत तो पुन्हा पुन्हा येतो. कबुलीसाठी इजा करणं न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटकेतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश आला. पण वळ नसलेली इजा डॉक्टरच्या कागदावर उमटत नाही, आणि साध्या शॉकच्या उपकरणाला ना चकत्या असतात ना स्मृती.

म्हणून आपल्या पोलिसांना टेझर नकोच, असं मी म्हणणार नाही. सुरा घेऊन धावून येणाऱ्या मनोरुग्णावर गोळी चालण्यापेक्षा टेझर केव्हाही बरा. त्याचा जीव वाचेल, पोलिसाचाही वाचेल. पण उद्या एखाद्या आयुक्तालयाने खरेदीची निविदा काढली तर किंमत आणि व्होल्ट विचारून थांबू नका. प्रत्येक वापराची नोंद किती दिवसांत जाहीर होणार, पाच सेकंदांनंतर घोडा दुसऱ्यांदा दाबायला कुणाची, कोणत्या कारणाची गरज, लॉकअपच्या दारातून हे उपकरण आत जाणार की नाही, आणि झटका खाल्लेल्या माणसाला डॉक्टर किती मिनिटांत तपासणार, हे लेखी मागा. नगरसेवकाकडे मागा, आमदाराकडे मागा, माहितीच्या अधिकारात मागा.

छळाला स्वतंत्र गुन्हा ठरवणारं विधेयक लोकसभेने २०१० मध्ये मंजूर केलं, ते राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेलं आणि २०१४ मध्ये बाद झालं. विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात नवा मसुदा दिला. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली आहे. मान्यता अजून दिलेली नाही.